झुंबरबाबांचा उजवा डोळा

१७ नोव्हेंबर १९९७, सोमवार

येवल्याच्या एका विणकरानं आज माझी बोलती बंद केली. झुंबर नाव, वय त्रेसष्ट. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पिकून कोऱ्या चहासारखा तपकिरी झालेला. आणि हा माणूस परवापर्यंत मागावर बसून पैठणी विणत होता! मी म्हटलं, "दिसत काय होतं बाबा तुम्हाला?" तर म्हणे, "हाताला दिसतं, ताई."

सोबत सून, शुभांगी. तिशीची असेल. तीही विणते, सासऱ्याच्याच हाताखाली शिकलेली. नवरा महेश पिंपळगावला द्राक्षांच्या टेम्पोवर असतो, मागाशी त्याचं देणंघेणं नाही. ही बोलते कमी, बघते मात्र सगळं. मी केसांना कलप लावते हे तिनं आत आल्या आल्या ओळखलं असावं, अशी नजर होती.

मी नेहमीची टकळी सुरू केली. आत भिंग बसवू, लांबचं स्वच्छ दिसेल, जवळच्याला चष्मा लागेल. बाबांनी मधेच थांबवलं. "लांबचं काय करू? यष्टी आली का ती वाजतीच. मला हातभरावरचं दिसू द्या. बाकी जग ऱ्हाऊ द्या धुरकट."

सोळा वर्षं मोतीबिंदू काढतेय, हे कुणी मागितलं नव्हतं. लोक नातवाचं तोंड मागतात, नाहीतर टीव्ही. रीत लांबचं द्यायची आहे. पण ज्याचं अख्खं आयुष्य हातभरात आहे त्याला गंगापूर धरण दाखवून मी काय मिळवणार?

देते हातभर. बघू.

१९ नोव्हेंबर, बुधवार

उजवा डोळा केला. हातभर अंतराचा हिशेब करून जो नंबर आला तो नेहमीच्या साठ्यात नव्हता. सुमनबाईंनी कपाटाच्या तळातून जुन्या घडणीच्या भिंगांचा डबा काढला, त्यात सापडला. (सुमनबाई नसत्या तर माझा दवाखाना केव्हाच बसला असता. हे त्यांना सांगायचं नाही, डोक्यावर बसतील.) टाके छान पडले.

आत नेण्याआधी बाबांनी सुमनबाईंच्या लुगड्याचा काठ चाचपला आणि सांगितलं, हा काठ नंतर जोडलाय. खरं होतं.

२० नोव्हेंबर, गुरुवार

पट्टी काढली. बाबांनी आधी स्वतःचा पंजा पाहिला, मग खिडकीतून आभाळ. "एवढं निळं होतं होय हे?"

हे सगळेच म्हणतात. तपकिरी भिंग काढलं की निळं परत येतं, पुस्तकात आहे. तरी दर वेळी माझ्या अंगावर काटा येतो. माझ्या हातून कुणाला निळं मिळतं! आई म्हणायची, डॉक्टर होऊन काय दिवे लावणार. हे लावते.

मग ते खिडकीतल्या पांढऱ्या पडद्याकडे बोट करून म्हणाले, ह्याला जांभळी झाक आहे. मी म्हटलं, हो हो, होईल कमी. डाव्या डोळ्याला दोन-तीन महिने थांबायचं सांगितलं आणि घरी पाठवलं.

१५ डिसेंबर, सोमवार

आजचं नीट लिहिते, नाहीतर उद्या माझाच विश्वास बसणार नाही.

बाबा तपासणीला आले. हातात धरायच्या तक्त्यावरची सगळ्यात बारीक ओळ चष्म्याशिवाय वाचली. मग तक्त्याच्या कोपऱ्यातलं छापखान्याचं नाव वाचलं. तिथं नाव आहे हे मलाच माहीत नव्हतं.

पिशवीतून एक पैठणी काढली. चार वर्षांपूर्वी विणलेली, म्हणजे ऐन मोतीबिंदूतली. नव्या डोळ्यानं तिचा पदर त्यांनी मला बोट बोटभर दाखवला. मोर, वेल, पोपट. "बघा ताई, एक रंग चुकला नाय. सहा वरसं मला धड दिसत नव्हतं, तरी एक नाय चुकला." मी थक्क. त्या भिंगातून निळं न् हिरवं एकच दिसायला हवं होतं! माणसाच्या हातात काय काय असतं. शुभांगी खाली मान घालून पिशवीची घडी करत होती.

खरी गंमत पुढे. बाबांनी दोन कांड्या टेबलावर ठेवल्या, कांडी म्हणजे धागा गुंडाळलेली छोटी नळी. दोन्ही जांभळ्या. "ही एक न् ही दुसरी. एक नाय ह्या." मला एकच दिसल्या. सुमनबाईंना एकच. शुभांगीला एकच.

"फरक काय आहे बाबा?"

"हिच्यात आनखी एक रंग हाय."

"कुठला?"

कांडी खिडकीकडे धरून म्हणाले, "त्याला नाव नाय. नाव ठेवायचं तर दोघांना दिसावं लागतं."

१६ डिसेंबर, मंगळवार

कागद काढून पाहिले. भिंगाच्या वेष्टनावरची चिठ्ठी बाबांच्या कागदाला डकवलेली आहे. जुनी घडण. अतिनील किरण अडवण्याची सोय त्यात नाही!

म्हणजे असं. जांभळ्याच्या पलीकडेही प्रकाश असतो. मधमाशीला दिसतो, आपल्याला नाही. आपल्या डोळ्याचा पडदा खरं तर तो पाहू शकतो, पण वाटेत आपलंच भिंग उभं असतं, राखणदारासारखं. ते आत सोडत नाही. बाबांचं भिंग मी काढलं आणि जागी बसवलं ते सताड उघडं दार. आजकालच्या भिंगांना ती सोय असते. ह्याला नव्हती, आणि मी पाहिलं नाही. केवळ नंबर जुळला म्हणून.

चूक माझी. पण शरम वाटायच्या ऐवजी सकाळपासून छातीत धडधडतंय. गेल्या महिन्यात मी एका माणसाला माणसांना नसलेला रंग दिला.

५ जानेवारी १९९८, सोमवार

परीक्षा घेतली. शुभांगीकडून बारा कांड्या मागवल्या होत्या, सहा एका लडीच्या, सहा दुसरीच्या. एका लडीच्या सहांना आतल्या बाजूला मी गाठी मारल्या आणि सगळ्या कालवल्या. खिडकीत ऊन होतं. बाबांनी भाजी निवडावी तशा निवडल्या. बाराच्या बारा बरोबर.

मग पडदे ओढून बल्ब लावला. एकही सांगता येईना. "गेला तो," म्हणाले. बल्बच्या उजेडात तो रंगच नसतो. सगळं पुस्तकाबरहुकूम.

उन्हात जाताना घालायला चष्मा दिला, असा उघडा प्रकाश आतल्या पडद्याला बरा नव्हे. मागावर घालणार नाही म्हणाले. "दिसतंय तवर बघू द्या की."

११ जानेवारी, रविवार

खालच्या मजल्यावरचा ज्ञानेश माझा वर्गमित्र, कातडीचा डॉक्टर. त्याच्याकडे डाग तपासायचा काळा दिवा आहे, अतिनील किरणांचा. बाबांना घेऊन गेले. खोलीत मिट्ट अंधार केला. दिवा लावल्यावर मला आणि ज्ञानेशला नुसती मंद जांभळी झाक दिसली. बाबांनी हात कपाळावर आडवा धरला. "बारीक करा, लय उजेड हाय."

आम्ही दोन शिकलेली माणसं अंधारात उभी, आणि आमच्या मध्ये एक म्हातारा उजेडात. क्षणभरच लावला होता, पण मी रडले. ज्ञानेशनं अंधारात पाहिलं नाही हे बरं.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. तिळगूळ द्यायला सोळा जणी आल्या. सगळ्यांच्या काळ्या साड्यांकडे बघत बसले. ह्यात काय काय असेल जे मला दिसत नाही?

१९ जानेवारी, सोमवार

शुभांगी आज एकटी आली. सकाळच्या यष्टीनं येऊन, शेवटचा पेशंट जाईपर्यंत बाकावर बसून. डोळे तपासून घ्यायचे म्हणाली. तपासले. तिच्या डोळ्यातलं भिंग यंत्रातून पाहिलं आणि बघतच राहिले. इतकं नितळ की आहे हे कळू नये. लांब बघ म्हटलं, जवळ बघ म्हटलं, पापणी लवायच्या आत आकार बदलतं. मी बसवते ती भिंगं जागची हलत नाहीत. मी म्हटलं, "दोन्ही डोळे उत्तम आहेत."

"मग ह्यातला एक मामांसारखा करा."

मला थट्टा वाटली. मग तिनं सांगितलं, खाली बघत, एका दमात. सहा वर्षं मामांना रंग दिसत नव्हता. मोरपंखी म्हणून हिरवी लड काढून द्यायचे, जांभळी म्हणून काळपट. हिनं एक शब्द बोलायचा नाही, आत जायचं, खरी लड घेऊन यायचं, कांड्या भरायच्या. गावातला सगळ्यात नावाजलेला हात. आपले रंग चुकतात हे त्यांना कळलं असतं तर त्यांनी माग सोडला असता, आणि माग सोडून हा माणूस जगला नसता. ती पैठणी, एक रंग न चुकलेली, ती हिची होती. सगळ्याच हिच्या होत्या.

आणि आता? आता मामा तिचं विणलेलं उकलतात. चार-चार बोटं. "दोन जांभळं एका फुलात घातलंस, आंधळी हायेस का?" तिला एकच दिसतं. रोज उकलतात. परवा म्हणाले, तुला रंगाचं अंगच नाही, तू नुसते काठ भर.

"मी त्यांचा डोळा होते ताई. आता त्यांना असा डोळा फुटलाय का माझा डोळाच नको झाला."

मी म्हटलं, अगं, मागावर त्यांना चष्मा घालायला लावू, तो जास्तीचा रंग जाईल. तर ती म्हणाली, "त्यांना दिसतं ते खोटं हाय का?" खोटं नाही. "मग झापड कशी बांधायची? आन कुणी सांगायचं, मी?"

आणि मग, मघाशी सांगितलेलं मामांना कळता कामा नये, हे तीनदा बजावून गेली.

२० जानेवारी, मंगळवार

नाही म्हणून सांगितलंय. निरोगी डोळ्याला चीर द्यायची नाही. मुद्दा संपला.

२२ जानेवारी, गुरुवार

संपला नाही. बाबांचा मोतीबिंदू काढला तो इलाज. हातभर अंतर दिलं ती सोय. आणि हे जास्तीचं दिसणं, ते काय? तिन्ही एकाच चिरेतून झाली. मग मी रेघ कुठे मारते आहे? आणि मारायची होतीच तर ती नोव्हेंबरात मारायची, आता हिच्या डोळ्यावर का?

बाबांना कुणी विचारलंही नव्हतं. ही तर मागते आहे.

२५ जानेवारी, रविवार

ज्ञानेशकडे चहा. त्याला सगळं सांगितलं, सासऱ्याचं गुपित सोडून. तो म्हणाला, "तुझ्याकडे आजारी येतात म्हणून तुला सोवळं सुचतं. माझ्याकडे निम्मे धडधाकट येतात. तीळ काढा म्हणतात, गोरं करा म्हणतात."

"करतोस?"

"तीळ काढतो."

"आणि गोरं?"

चहा पीत राहिला.

९ फेब्रुवारी, सोमवार

शुभांगी पुन्हा आली. बाहेरगावच्या एका डॉक्टरनं करतो म्हटलंय म्हणे. कोण, ते सांगेना. मी चिडले, वाट्टेल ते बोलले. पू झाला तर डोळा जाईल, पडदा सुटला तर डोळा जाईल, देवानं दिलेलं कुणी असं कापून टाकतं का! सुमनबाई दारात येऊन उभ्या राहिल्या इतका माझा आवाज चढला.

शुभांगीनं ऐकून घेतलं. मग नाकाला हात लावून म्हणाली, "हे टोचलं तवा मी पाच वरसांची. नाक चांगलंच होतं की. कोनी इचारलं नाय चांगल्या नाकाला भोक कशापायी."

चमकीचं भोक आणि डोळा एक नव्हे, हे शेंबडं पोरही सांगेल. पण तिनं विचारलं ते वेगळंच होतं, आणि ते तिलाही कळत होतं, मलाही.

"एकच डोळा करा," म्हणाली. "एक तसाच ऱ्हाईल. मला खाली मान घालून काठ भरत जगायचं नाय."

१२ फेब्रुवारी, गुरुवार

हो म्हणून कळवलं.

कारणं लिहून ठेवते. ती जाणती आहे. धोके तिला सगळे सांगितले, तिच्याकडून परत वदवून घेतले. मी नाही केलं तर कुणीतरी अर्धवट करील, आणि त्याच्याकडे असलं भिंगही नसणार, म्हणजे चांगला डोळाही जायचा आणि रंगही मिळायचा नाही. तिच्या हातात जी विद्या आहे ती वाया जाऊ नये.

सगळी खरी आहेत. आणि वहीशी कशाला लपवू, आणखी एक आहे. मला तो रंग पाहायचाय. मला दिसणार नाही, बाबांना सांगता येत नाही. पण दोघांना दिसला तर त्याला नाव पडेल. येवल्यात एका मागावर दोन माणसं बसून जगात कुणाकडे नसलेल्या रंगाला नाव ठेवतील, आणि तो मी दिलेला असेल! ह्या विचारानं दोन दिवस जेवण गोड लागत नाही. देवळात गेल्यावर लागावी तशी तंद्री लागते.

मी हे तिच्यासाठी करते आहे की माझ्यासाठी, हे मला खरंच सांगता येत नाही.

१६ फेब्रुवारी, सोमवार

तारीख ठरली, २४ मंगळवार. जुन्या डब्यात तिच्या नंबराच्या जवळपासचं एकच भिंग उरलंय. उजेडात धरून पाहिलं. चिमणीच्या डोळ्याएवढं, दोन बारीक तारांचे हात असलेलं. ह्या एवढ्याशा भिंगात काय काय मावतं.

सुमनबाईंनी यादी लिहिताना विचारलं, "म्याडम, त्या पोरीला काय झालंय?"

"काही नाही."

"मग?"

मी म्हटलं, तुम्ही यादी लिहा. त्यांनी लिहिली. नावापुढे आजाराचा रकाना असतो, तो त्यांनी मोकळा सोडला आणि वही माझ्यापुढे सरकवली. तो अजून मोकळाच आहे.

१८ फेब्रुवारी, बुधवार

आज दोन मोतीबिंदू केले. हात सराईत चालला. तरी दुसऱ्या वेळी चीर देताना शुभांगीचं ते नितळ भिंग डोळ्यांपुढे आलं. ते काढून मी कुठे ठेवणार? मोतीबिंदू काढला की आम्ही बादलीत टाकतो.

२१ फेब्रुवारी, शनिवार

महेशचा पिंपळगावहून फोन. "ती म्हणते डॉक्टरीणबाई करत्यात म्हणजे चांगलंच असंल." एवढं बोलून ठेवला. ह्यापेक्षा त्यानं चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

२३ फेब्रुवारी, सोमवार

यादीतलं शुभांगीचं नाव मी माझ्या हातानं खोडलं.

ती सकाळी आली, उद्या येणार नाही हे सांगायला. शनिवारी बाबांना माळ्यावर एक पेटी सापडली. सहा वर्षांत त्यांनी चुकून काढून दिलेल्या आणि तिनं गुपचूप बदललेल्या लडी तिनं त्यात दडवल्या होत्या, रेशीम टाकवलं नव्हतं म्हणून. हिरव्या, काळपट, राखी. एकेक लड त्यांनी दारात उन्हात धरून पाहिली. संध्याकाळपर्यंत जेवले नाहीत.

काल सकाळी मागावर बसताना त्यांनी उजव्या डोळ्यावर रुमाल बांधला. मग पिकलेल्या डाव्या डोळ्यानं, जिथं ती उभी असेल असं वाटलं त्या बाजूला वळून विचारलं, "शुभांगी, मोराला कुठला घेऊ?"